उरकुडा पाणकरानं समुद्र तपासला

उरकुडा पाणकर माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे, पायांकडे पाहत असे. सकाळी सकाळी कोणी लोटा घेऊन निघालं की तो तलावाच्या पाळीवरून उतरून आडवा यायचा आणि म्हणायचा, "पाय दाखव." रामराम नाही, काही नाही. घोट्याला ओली माती दिसली की त्याला समजायचं, यानं दुसऱ्याच्या नंबराचं पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वळवलं.

मी चौथीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही. पण उरकुडा गेल्यावर जो तो म्हणून राहिला की तो मोठा शकी होता. शकी होता, हे खरं आहे. पण तेवढंच सांगून लोक मोकळे होतात, म्हणून मी लिहायला बसलो.

आमची गावं गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडची. इकडे धान पिकतो तो तलावाच्या पाण्यावर. तलावाच्या पाळीत खालच्या अंगाला दगडी भोक असते, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्याची खुंटी उपसली की पाणी पाटात येते, पाटातून पहिल्याच्या बांधीत, मग दुसऱ्याच्या, असं शेवटच्यापर्यंत. कोणाला कधी पाणी द्यायचं हे पाणकर ठरवतो. गावानं नेमलेला माणूस. पाऊस दगा देतो तेव्हा त्याच्या शब्दावर भावाभावांची डोकी फुटतात. उरकुडा जवानीपासून म्हातारपणापर्यंत पाणकर होता, आणि माझ्या घराला लागून त्याचं घर होतं.

रोवणी लागली की कापणी होईपर्यंत तो गावात कोणाच्या घरचा चहा पीत नसे. "चहा पिलो तं उद्या तो म्हनंल, मले आधी दे." लग्न असो, बारसं असो, हा नुसतं पाणी प्यायचा, तेही आपल्या लोट्यातलं. माझी बायको सुगरता त्याला चिडवायची, "काऊन जी भाऊजी, माझ्या चहात का जहर हाये?" तो म्हणायचा, "जहर नाही वहिनी, गनपतची बांधी हाये त्यात." गनपत म्हणजे मी.

एका वर्षी पाऊस उघडला, धान पिवळा पडू लागला, आणि मी पहाटे जाऊन धुरा, म्हणजे बांधीचा बांध, कापला. पाणी घेतलं, धुरा लिंपला, घरी येऊन राखेनं घासून पाय धुतले. उजाडल्यावर उरकुडा दारात. "पाय दाखव." मी दाखवले. त्यानं वाकून पाहिलं, मग सुगरताला हाक मारली. "वहिनी, रोवनीच्या दिवसात एवढे सफा पाय तुमी कोनाचे पाहिले का? नवरदेवाचे बी नसतात." सुगरता फसकन हसली. मी पकडला गेलो. त्या साली माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज माझ्या दारावरून जाताना माझे पाय पाहून जायचा.

मी कोणाशी बोलणं बंद केलं की बंद करतो. हा माझा स्वभाव. माझी एकुलती पोरगी निशा, तिच्याशीही केलं. नागपूरला नर्सचं शिकायला धाडली होती. तिथं तिनं कोकणातल्या एका पोराशी लग्न लावून घेतलं, आम्हाला नंतर सांगितलं. मी सुगरताला म्हटलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. आठ वर्षं काढलं नाही. पोरगी लग्न झालं की नवऱ्याच्या गावी जाते, नवऱ्याचं गाव समुद्राकाठी, म्हणजे ही समुद्राकाठी गेली, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. गावाचं नावही मी विचारलं नाही.

मग सुगरता गेली. काविळीनं गेली, पंधरा दिवसांत. मी निशाला कळवू दिलं नाही. उरकुडानं कळवलं. तिसऱ्या दिवशी, राख सावडून आलो, तेव्हा ती छपरीत बसलेली. मी आत गेलो आणि कडी लावली. ती दुपार कलेपर्यंत बसली. एकदा दार वाजवलं, "बाबा" म्हटलं. मी आत धानाच्या ढोलीला टेकून बसलो होतो. मग उरकुडा आला आणि तिला आपल्या घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली.

उरकुडा मला एकच बोलला. "तुझी पोरगी माझ्या घरी दोन घास बी नाही खाल्ली." मग माझ्या चुलीपाशी बसला, स्वतः चहा केला, एक कप मला दिला आणि एक आपण पिला. तलावाचं पाणी सुरू होतं. हा माणूस कोणाच्या घरचा चहा घेत नसे, तो माझ्या घरी बसून पिऊन राहिला. मला तेव्हाच शक आला, की याच्या पोटात काहीतरी आहे.

तो शक पुढच्या उन्हाळ्यात पक्का झाला. मे महिना. तलाव आटला की पाणकराला काम नसते. एक दिवस येऊन म्हणतो, "गनपत, समुद्र पाहाले जाचं का?"

ज्यानं जन्मात गोंदियाच्या पुढं पाऊल टाकलं नाही, त्याला समुद्र कायला पाहिजे?

"कुठचा समुद्र?"

"विजयदुर्ग म्हनून हाये. कोकनात. जुनं आरमाराचं बंदर हाये म्हनते. आपल्या शाळेचे गुरुजी सांगत होते."

कोकण म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा मला पोरीच्या दारात नेऊन उभा करणार. म्हटलं, चाल. तिला तोंडावर ‘नाही’ म्हणून येतो. बंद दाराआडून नाही म्हटलं ते मला खात होतं. आता उजेडात म्हणू. असं मी स्वतःला सांगितलं.

गोंदियाहून कोल्हापूरची गाडी धरली. नागपूर आलं तेव्हा मी दुपट्टा तोंडावर घेऊन पडलो होतो. त्या शहराचा मला राग होता. उरकुडा खिडकीपाशी जागा होता. सगळ्या रस्त्यात त्याला फोन येत होते आणि फोन आला की तो उठून दरवाजाकडे जायचा. मी कान देऊन होतो. "हो, हो. येतो मी. मी येईपर्यंत हात नका लावू," असं बोलला. मी म्हटलं, घ्या, तयारी चालू आहे.

कोल्हापूरहून घाट उतरून एसटीनं विजयदुर्गला पोचलो. एका बाईच्या घरी खोली घेतली. तीसएक वर्षांची असेल. मी तिच्याकडे नीट पाहिलं. निशा नव्हती. पण ओळखीची असू शकते, म्हणून मी तिच्या हातचं जेवताना एक शब्द बोललो नाही. उरकुडानं ताटातली मासोळी उलटीपालटी करून पाहिली. "कोन्या तलावाची हाये बाई?"

"समुद्रातली, काका."

"हां, पन कोन्या अंगाची?" ती हसत आत गेली. उरकुडा मला म्हणतो, "सांगितलं नाही, पाहिलं ना?"

सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुगरताला दाखवायला पाहिजे होतं, असं मनात आलं, आणि मग तिथं उभं राहवेना. उरकुडाला तसलं काही झालं नाही. तो उकिडवा बसला, पाण्यात बोट बुडवून चाखलं, थुंकला, आणि जिथं पाणी वाळूला टेकलं होतं तिथं एक काडी रोवली. तलावावर रोज सकाळी रोवायचा तशीच.

मग किल्ला पाहिला. उन्हानं दगड तापले होते. किल्ला दाखवणारा एक माणूस होता, तो बुरुजावर हात फिरवत सांगून राहिला की इथून आरमार निघायचं, आणि तिकडे समुद्राच्या पोटात एक लपलेली भिंत आहे, तिला आपटून शत्रूची जहाजं फुटायची.

उरकुडा म्हणाला, "पान्याखालची भिंत तुमी पाहिली?"

"मी नाही पाहिली, पण आहे."

"मंग कोन पाहिलं?"

"पाणबुडे उतरले होते ना काका."

"ते तुमच्या गावचे का बाहेरचे?" तो माणूस वैतागला. उरकुडा समुद्राकडे पाहत हळूच मला बोलला, "खरंच असन गड्या. ज्यानं बांधली त्याचा कोनावर भरवसा नव्हता. मानूस बरोबर होता तो."

मी कुठं ऐकत होतो. मी बाया पाहून राहिलो होतो. किल्ल्यात सुट्टीची गर्दी होती. एक हिरव्या साडीतली, निशाच्याच बांध्याची, दरवाजातून सरळ आमच्याकडे चालत आली, हसत, हात हलवत. जे बोलायचं ठरवलं होतं ते तोंडात येईना. ती आमच्या बाजूनं गेली आणि मागच्या दोन पोरांना तिनं जवळ ओढलं. मी तिथंच पायरीवर बसलो. उरकुडा म्हणाला, "काऊन बे, ऊन लागलं का?" मी म्हटलं, "तू गप्प राह्य."

पुन्हा धक्क्यावर आलो तर पाणी मागे गेलेलं. चांगलं दहा-वीस पावलं. काडी कोरड्यात उभी, नावा चिखलात बसलेल्या. उरकुडाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"गनपत, कोनी तं सोडलं."

"काय सोडलं?"

"पानी बे! सकारपासून एवढं उतरलं. बाफ होऊन एवढं नाही जात. कुठंतरी उघडं हाये." आणि खरंच तो काठाकाठानं पाहत निघाला. तिथं एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. उरकुडानं आधी त्याचे पाय पाहिले. घोट्यापर्यंत चिखल.

"का जी, पानी कोन सोडलं?"

तो म्हातारा म्हणाला, "खंयसून इलात तुम्ही? ओहोटी आसा ती. सांजेक पाणी परत येतला."

"परत कोन आनते?"

"कोण हाडतला? आपणच येता. चंद्रावर चलता ता."

"चंद्रावर कोन ध्यान ठेवते?"

म्हातारा हसून हसून खोकला. पण उरकुडा हसला नाही. तो म्हाताऱ्याजवळ बसला आणि एकेक गोष्ट विचारत राहिला. किती वेळानं उतरते, किती वेळानं चढते, उद्या याच वेळी असंच राहील का. म्हातारा सांगत गेला. जवळजवळ तासभर. शेवटी उरकुडा उठला आणि मला म्हणाला, "कोनालेच इचारत नाही गड्या हे पानी. कोनी मधात घेत नाही, कोनी चोरत नाही. इथं पानकराले काहीच काम नाही." त्याच्या आवाजात हेवा होता का दुःख, मला सांगता येत नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो लगेच दूर गेला. पाठ फिरवली. माझा शक पुन्हा चढला. परत येऊन म्हणतो, "चाल, खाडीकडं जाचं हाये. ते पाहासाठीच आलो मी." म्हटलं, आली वेळ.

रिक्षानं गेलो, पुढं पायी. आंब्याच्या बागा, दगड रचलेली कुंपणं, उन्हाची झळ. प्रत्येक घरापाशी मला वाटायचं, हेच. एका अंगणात पापड वाळत होते आणि दोरीवर पांढरा नर्सचा असतो तसा कपडा होता. मी थांबलो. उरकुडा पुढं चालत राहिला. म्हणून मीही चाललो.

खाडीच्या काठाला, खडक खोदून केलेला एक भला मोठा हौद होता. आता गाळानं भरलेला. जुन्या काळची गोदी. भरतीला पाणी चढलं की जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी उतरलं की जहाज कोरडं, मग त्याला डागडुजी करायची, असं तिथला एक बागवाला म्हणाला. उरकुडा खडकाच्या कडेला बसला. तोंडाची जागा हातानं चाचपली. कुठं दगड कापला, कुठं फळ्या बसवल्या असतील, सगळं पाहिलं.

"हे तुडूम हाये बे गनपत," तो म्हणाला. "उलटं तुडूम. आपन पानी सोडासाठी उघडतो, हे लोक जहाज घ्यासाठी उघडत. गुरुजीनं सांगितलं तवापासून मले पाहाचं होतं. चार सालं झाली."

मी आजूबाजूला पाहत होतो. कोणीच नव्हतं. ऊन उतरलं होतं. बागवालाही निघून गेला. मला राहवलं नाही.

"बस झालं नाटक. कुठं लपवून ठेवली?"

"कोनाले?"

"निशाले! दोन दिवस फोन करून राहिला तिले. कुठं येनार हाये ती? सांग, मी तयार हाये."

उरकुडानं माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं, पायांकडे नाही.

"फोन गावातून येऊन रायले. तलावातला गाळ काढून रायले ना, ते जेसीबीवाले पारीचा पाया खोदतीन म्हनून मी म्हटलं, मी येईपर्यंत हात नका लावू." मग हातावरची माती झटकली. "अना तुझी पोरगी इथं कायले राहीन? ती नागपुरात हाये. ज्या दवाखान्यात शिकली तिथंच कामाले. नवराबी तिथंच. कोकनातला नवरा हाये, ती नाही."

"मले कोनी सांगितलं नाही."

"तू इचारलं कोनाले?"

मी खडकावरची माती नखानं खरडत राहिलो.

"गाडी नागपुरात थांबली तवा तू तोंडावर दुपट्टा घेतला. मी म्हटलं, बाप हाये, समजून उमजून झाकत असन."

मी विचारलं, "सुगरतानं तुले सांगून ठेवलं होतं का, मले पोरीकडं ने म्हनून?"

"वहिनी मले काऊन सांगन?" तो चिडला. "अना मले तुले न्याचं असतं तं मी दिवसाढवळ्या, तुले सांगून नेलो असतो. चोरून पानी मी जन्मात नाही सोडलं, गनपत."

खाडीत पाणी हळूहळू चढू लागलं होतं. आवाज नाही, काही नाही. आम्ही दोघं ते पाहत बसलो. मी सकाळपासून दहा बायांच्या तोंडात पोरगी शोधली होती, नाही म्हणण्यासाठी म्हणून. आणि ती तिथं नाही हे समजल्यावर मला सुटका वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. उरकुडानं ते पाहिलं असेल.

परतीच्या गाडीत वर्धा गेल्यावर एवढंच म्हणाला, "आता नागपूर येते."

"मले माहीत हाये."

"तसं नाही, सांगून ठेवतो."

नागपूरला गाडी थांबली. दिवस मावळायचा होता. मी बाटली घेऊन खाली उतरलो. "पानी भरून येतो," म्हटलं. नळाखाली बाटली धरली, ती भरली, वाहू लागली, तरी मी तसाच उभा. मागे वळलो तर माझी थैली प्लॅटफॉर्मवर ठेवलेली आणि उरकुडा दरवाजात. गाडी हलली. मी लगबगीनं गेलो.

"बाजूले हो बे!"

"नाही होत."

"उरकुडा, माझं तिकीट तुझ्या बंडीत हाये!"

"हाये. राहू दे."

"मी काय सांगू तिले?"

"काई नको सांगू. जाऊन बस. तिच्या घरी जेव."

गावात मी सगळ्यांना सांगितलं की उरकुडानं मला चढू दिलं नाही. लोक हसतात. त्यानंही कधी खोडून काढलं नाही. पण इथं खरं लिहितो. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाही नव्हता. मागच्या डब्याचा दरवाजा सताड उघडा माझ्यासमोरून गेला, त्यात उभा असलेला एक पोरगा हात पुढं करून म्हणाला, "आओ चाचा, जल्दी." मी हात दिला नाही.

सुगरताचा फोन माझ्या खिशात होता. ती गेल्यापासून तो बंद पडू दिला नव्हता. त्यात पहिलंच नाव निशाचं. तिनं उचलला, आणि आईचा नंबर पाहून विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "मी हाये. टेसनावर हाये. तिकीट नाही माझ्यापाशी." ती म्हणाली, "बाबा, तिथंच थांबा, हलू नका." अर्ध्या तासात आली. मी तिच्याकडे पंधरा दिवस राहिलो.

उरकुडा त्यानंतर दोन पावसाळे होता. रोज भेटायचा, रोज पाय पाहायचा. मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेला. तलावाला अजून नवा पाणकर नेमलेला नाही. कोणाचा कोणावर भरवसा नाही, आणि सगळ्यांचा ज्याच्यावर होता, तो कोणावर ठेवत नसे.

पण त्याची आठवण आली की मला पाळीवरचा उरकुडा दिसत नाही. गाडी निघून चाललेली दिसते. दोन्ही दांड्या घट्ट धरून, हात पसरून, तो दरवाजा अडवून उभा. प्लॅटफॉर्म संपला, गाडी यार्डातल्या रुळांवर गेली, तिथं आता कोण चढणार होतं. तरी तो तसाच उभा, मान बाहेर काढून माझ्याकडे पाहत, मी खरंच मागे राहिलो का, याची खात्री करत.